शंभर कोटींचं केंद्र, बेण्याला मात्र उसनवारी

हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केटमध्ये 2023च्या एप्रिल-मेमध्ये हळद क्विंटलला सहा-सात हजारांच्या घरात होती. ऑगस्टपर्यंत भाव दुपटीवर गेला. तोवर लहान शेतकऱ्याची पोती कधीच काट्यावर चढून उतरली होती.

तो थांबणार कसा? नऊ महिन्यांचं पीक. एकराला आठ-दहा क्विंटल बेणं, मग खुरपणी, खांदणी, कुकरमध्ये शिजवणं, पॉलिश. प्रत्येक ठिकाणी रोख मोजावी लागते. त्यात बँकेची परतफेड आणि तोंडावर आलेली सोयाबीनची पेरणी. त्याच वर्षी नोव्हेंबरात सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावच्या शेतकऱ्यांनी कर्ज फेडण्यासाठी अवयव विक्रीला काढले. मूत्रपिंडाचा भाव लावला 75 हजार.

सरकारने काहीच दिलं नाही, असं नाही. वसमतच्या बाळासाहेब ठाकरे हरिद्रा संशोधन केंद्राला 2022 साली 100 कोटी जाहीर झाले, 2024 मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. जागतिक बँकेच्या कर्जातून 2018 पासून ‘पोकरा’ हा शेतीला अनुदान देणारा प्रकल्प आला. पण त्याची रीत अशी की आधी पदरचे पैसे घाला, पावत्या जोडा, अनुदान मागून खात्यावर येईल. पदरात पैसे असणाऱ्यांसाठी ही सोय उत्तम!

खरा उपाय जुनाच आहे. पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना 1990-91 पासून चालू आहे. माल गोदामात ठेवायचा, किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम उचलायची, सहा महिन्यांसाठी वार्षिक 6 टक्के दराने व्याज. हळदही तिच्यात बसते. मात्र बाजार समितीकडे गोदाम हवं, वाटायला पैसा हवा आणि शेतकऱ्याकडे सातबारा.

इथेच बटाईदार गळतो. मराठवाड्यात 1950चा हैदराबाद कूळ कायदा. कूळ लागेल या धास्तीने मालक चिठ्ठीसुद्धा लिहून देत नाही. म्हणजे घाम बटाईदाराचा, पीकपेरा मालकाच्या नावावर, कर्ज-विमा-भरपाईही तिकडेच. हळद निवडणाऱ्या बायांचं नाव तर उताऱ्यावर शोधूनही सापडत नाही.

म्हणून मागणी नेमकी आहे. हिंगोली जिल्ह्याच्या पाचही तालुक्यांत हंगामाआधी तारणाची गोदामं उघडा आणि समित्यांना त्यासाठी निधी द्या. बटाईदारांना मालकी हक्काला धक्का न लागणारा पेरा-दाखला ग्रामपंचायतीतून मिळू द्या, त्यावर कर्ज द्या. लहान शेतकरी आणि महिला गटांना ‘पोकरा’चं निम्मं अनुदान काम सुरू होण्याआधी द्या. पुढची हळद मार्केटला यायच्या आत हे झालं पाहिजे.