गाईडला पोहता आलं म्हणजे झालं?

"त्याला पोहता येतं ना? मग झालं तर!" समुद्रात कुणाच्या भरवशावर जायचं, हा प्रश्न आपल्याकडे एवढ्यात मिटतो. लाइफ जॅकेट गळ्यात अडकवलं, फोटो काढला, की निघालो!

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, ब्रिटिश कोलंबियातल्या नॅशनल पार्कमध्ये मात्र एवढ्यावर भागत नाही. तिथे लोक सी कयाकिंगला जातात. सी कयाक म्हणजे लांबट, अरुंद होडी. पाय आत घालून बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्याने ती वल्हवायची. पैसे घेऊन पर्यटकांना असं फिरवायचं असेल तर आधी पार्कचं लायसन्स लागतं. गाईडची वेगळी तयारी तर आहेच. त्या प्रांतात गाईड लोकांची स्वतःची संघटना आहे आणि तिच्या परीक्षांच्या पायऱ्या आहेत. दिवसाची सहल नेणारा वेगळा, किनाऱ्यावर मुक्काम करत अनेक दिवस नेणारा वेगळा. भरती-ओहोटीचं गणित, नकाशा, हवामान, उलटलेल्या माणसाला परत होडीत बसवणं, दवाखाना जवळ नसताना करायचा प्रथमोपचार, हे सगळं यावं लागतं. व्हीएचएफ रेडिओ वापरायचा तर त्याचंही सर्टिफिकेट!

वाचून वाटेल, हे गाईड तयार करताहेत की इंजिनीअर? पण मित्रांनो, माझं स्पष्ट मत आहे की यातलं काहीच जास्तीचं नाही.

थोडा हिशोब करू. तिथलं पाणी थंड, बऱ्याचदा १० अंशांच्या आसपास. अशा पाण्याबद्दल १-१०-१ असा एक नियम शिकवतात. पडल्यावर पहिलं १ मिनिट श्वास सावरण्यात जातं. पुढची साधारण १० मिनिटं हातपाय कामाचे असतात. शुद्ध हरपायला सुमारे १ तास लागतो. म्हणजे बुडण्याआधीच माणूस हात चालेनासे होऊन हरतो. आता समजा, एक गाईड आणि आठ पर्यटक आहेत. एक जण उलटला. त्याला वर काढायला गाईडला १५ मिनिटं लागली आणि प्रवाह फक्त १ नॉटचा आहे. तेवढ्यात बाकीचे सात जण साडेचारशे मीटर वाहून गेलेले असतील! इथे गाईडचं पोहणं काय कामाचं? मुळात आज निघायचं की नाही, हे किनाऱ्यावर उभं राहून ठरवता येणं, हीच त्याची खरी विद्या.

ही गोष्ट इंग्लंड फार मोठी किंमत देऊन शिकलं. लाइम बे हे काही नॅशनल पार्क नाही, पण समुद्र तोच आणि धंदाही तोच. २२ मार्च १९९३ रोजी प्लिमथच्या शाळेतली आठ मुलं, एक शिक्षक आणि दोन इन्स्ट्रक्टर कयाक घेऊन लाइम रेजिसहून निघाले. शिक्षकांची कयाक पुन्हा पुन्हा उलटत राहिली, म्हणून एक इन्स्ट्रक्टर त्यांच्यापाशी थांबला. बाकीचे खोल समुद्राकडे वाहत गेले. इन्स्ट्रक्टरांकडे अगदी प्राथमिक दर्जाचं सर्टिफिकेट होतं. जवळ रेडिओ नव्हता, धोक्याचा इशारा देणारे फ्लेअर नव्हते. मदत पोचायला तास न् तास गेले. चार मुलं गेली. सगळी आपल्याहून लहान, १६-१७ वर्षांची.

पुढे जे उघड झालं ते जास्त संतापजनक आहे. तिथल्याच दोन इन्स्ट्रक्टरांनी सुरक्षेबद्दल कंपनीला आधी लेखी इशारा दिला होता आणि नोकरी सोडली होती. १९९४ मध्ये कोर्टाने कंपनी आणि तिचा मॅनेजिंग डायरेक्टर, दोघांनाही दोषी ठरवलं. १९९५ मध्ये कायदा झाला आणि मुलांना अशा ठिकाणी नेणाऱ्या केंद्रांना लायसन्स सक्तीचं झालं. लक्षात घ्या, लायसन्स केंद्राला! चूक फक्त वल्हं मारणाऱ्याची नसते, अर्धकच्च्या माणसाला समुद्रात पाठवणाऱ्या मालकाचीही असते.

कॅनडातल्या ग्वाई हानासमध्ये याच्याही पुढची एक अट आहे. हायडा गवाई बेटांवरचं हे पार्क १९९३ च्या करारानुसार हायडा लोक आणि सरकार मिळून चालवतात. तिथे जाण्याआधी प्रत्येकाने ओरिएंटेशन घ्यायचंच. जुन्या गावांच्या जागी हायडा वॉचमन राखण करतात आणि एका वेळी १२ पेक्षा जास्त माणसं किनाऱ्यावर उतरत नाहीत. गाईड कितीही शिकलेला असो, तिथे तो पाहुणाच. मला ही अट सगळ्यात आवडली.

आता कुणी म्हणेल, आपल्याकडे हे कागद मागितले तर पोटावर पाय येईल तो गरीब मच्छीमाराच्या मुलाच्या. आक्षेप खरा आहे. महाराष्ट्रात सागरी नॅशनल पार्क नाही, पण १९८७ पासून मालवणचं सागरी अभयारण्य आहे आणि तिथे पर्यटकांना पाण्यात नेणारी बरीच स्थानिक मुलं आहेत. उधाण कधी, भांग कधी, कुठल्या खडकापाशी पाणी कसं फिरतं, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक असतं. उद्या परीक्षा इंग्रजीतून लेखी घेतली तर माझ्यासारखा कॉन्व्हेंटवाला एका रात्रीत पाठ करून पास होईल आणि तो मुलगा नापास. मग समुद्रात तुम्ही कुणाबरोबर जाल? माझ्याबरोबर तर अजिबात जाऊ नका!

पण म्हणून परीक्षाच नको, हे उत्तर नव्हे. समुद्र माहीत असणं वेगळं आणि घाबरलेल्या आठ परक्या माणसांना सांभाळणं वेगळं. प्रथमोपचार आणि रेडिओ त्यालाही शिकावाच लागेल. परीक्षा मराठीतून घ्या, कागदावर कमी आणि पाण्यात जास्त घ्या, फी परवडेल अशी ठेवा. तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबा डायव्हिंगचं केंद्र आहे, गोव्यात जलक्रीडेची राष्ट्रीय संस्था आहे. म्हणजे शिकवायची सोय अगदीच नाही असं नाही. २०२१ मध्ये राज्य सरकारने साहसी पर्यटनाचं धोरण आणून नोंदणीही सांगितली आहे. पण आपण विचारतो का?

आपण सर्टिफिकेटच्या मागे धावणारी पिढी आहोत. सेमिनारचं, वर्कशॉपचं, कशाकशाचं सर्टिफिकेट फाइलला लावतो. मग जिथे ते खरोखर जीव वाचवतं तिथे बघायची लाज का वाटावी? पुढच्या ट्रिपला पाण्यात उतरण्याआधी तीन प्रश्न विचारा. एका गाईडमागे किती माणसं? रेडिओ आहे का? आणि हवा बिघडली तर ट्रिप रद्द करून पैसे परत देणार का? तिसऱ्या प्रश्नाला समोरचा हसला, तर सरळ किनाऱ्यावर बसून भेळ खा.