हिरडा, बाभूळ आणि पेंडीचा धंदा

कातडे कमावणाऱ्या कारागिराला हिरड्याचा गुण नव्याने सांगावा लागत नाही. कच्चे कातडे तसेच पडले तर कुजते. तेच हिरड्याच्या किंवा बाभळीच्या सालीच्या पाण्यात मुरले की वर्षानुवर्षे टिकते. त्यातले टॅनिन हे तुरट द्रव्य कातड्यातील प्रथिनांना घट्ट धरून बसते आणि कुजवणाऱ्या जिवाणूंची मात्रा चालत नाही. हीच क्रिया आता गाई-म्हशींच्या खुराकासाठी वापरली जात आहे. हिरडा-साल, पेंड, तबेला या सगळ्या धंद्यांत आपले बांधव आहेत. तेव्हा हा विषय त्यांनी समजून घ्यावा, असे आम्हाला वाटते.

गाईचे पहिले पोट, म्हणजे कोठीपोट, हे आंबवण्याचे मोठे पिंपच आहे. कडब्यासारखा राठ चारा तिथले जिवाणू फोडतात, हा त्यांचा उपकार. पण महागाची शेंगदाणा पेंड आत गेली की तिची प्रथिनेही ते फोडतात आणि त्यांचा अमोनिया होतो. त्यातला काही जिवाणू स्वतःच्या वाढीला वापरतात व पुढे ते जिवाणूच गाईला पचतात. उरलेला अमोनिया रक्तात जातो, यकृत त्याचा युरिया बनवते आणि बराचसा मुतावाटे निघून जातो. तबेलेवाल्याने रोख मोजून घेतलेल्या पेंडीचा एक हिस्सा असा गटारात वाहतो.

टॅनिन इथे कामाला येते. कोठीपोटात सामू ६ ते ७ असतो, तिथे ते प्रथिनांना धरून ठेवते. चौथ्या पोटात सामू ३ च्या आसपास उतरतो, तिथे पकड सुटते आणि प्रथिन मोकळे होऊन पुढे आतड्यात पचते.

प्रथिने अशी वाचवण्याची कल्पना जुनी आहे. १९६० च्या दशकात ऑस्ट्रेलियात मेंढ्यांना फॉर्मॅल्डिहाइड लावलेले दुधाचे प्रथिन देऊन लोकरीची वाढ झालेली दिसली. आपल्याकडे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने पेंडीसाठी याच औषधाची पद्धत बसवली. फॉर्मॅल्डिहाइड हेही कातडे कमावण्याचेच द्रव्य, हा योगायोग नव्हे. पण २००४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरले. बंदिस्त यंत्रात ते वापरणे वेगळे आणि छोट्या गाळ्यात हातमोज्यांशिवाय पेंडीवर शिंपडणे वेगळे. दुसरे आम्हाला मान्य नाही. धोका मालकाच्या आधी मजुराला असतो.

म्हणूनच झाडाच्या टॅनिनकडे लक्ष वळले आहे. दक्षिण अमेरिकेतील केब्राचो आणि युरोपातील चेस्टनट या लाकडांचा अर्क तिकडे पशुखाद्यासाठी विकला जातो. आपल्याकडे क्रोमने सालीची जागा केव्हाच घेतली. २०१५ साली महाराष्ट्रात बैल-वळूंच्या कत्तलीवर बंदी आल्यावर त्यांच्या कातड्यांची आवकही आटली. अशा वेळी हिरड्याला नवे गिऱ्हाईक कोणाला नको आहे? पण घाई करू नये.

सर्व टॅनिन एक नव्हे. बाभळीच्या सालीतले संघनित जातीचे, कोठीपोटात सहसा न फुटणारे. हिरड्यातले फुटणाऱ्या जातीचे. त्याचे तुकडे जास्त झाले तर यकृत व मूत्रपिंडाला इजा करू शकतात. ओकचा पाला व फळे खाऊन जनावरे दगावतात, ती याच जातीच्या टॅनिनमुळे. संघनित टॅनिन एकूण कोरड्या खाद्याच्या २ ते ४ टक्के असेल तर फायदा दिसला आहे. पाच टक्क्यांच्या वर गेले की जनावर खाणे कमी करते, पचनही घटते. म्हणून हिरड्याची पूड मुठीने पेंडीत मिसळून विकणे हा धंदा नव्हे. तोलून, तपासून, पशुवैद्याच्या सल्ल्याने काम झाले पाहिजे. आणि कुंडातला वापरलेला हिरडा व साल तर गोठ्याच्या दारातही नेऊ नये. त्यात चुना, सल्फाइड, कधी क्रोमही उतरलेले असते.

माल कोणाला विकावा, हेही पाहावे. शेंगदाणा पेंडीचे प्रथिन कोठीपोटात लवकर फुटते, तिथे वाचवण्यासारखे पुष्कळ आहे. सरकी पेंडीचे त्या मानाने सावकाश फुटते, तिथे फायदा कमी. भरपूर दूध देणाऱ्या, पेंड खाणाऱ्या म्हशीला उपयोग होईल. कडब्यावर जगणाऱ्या भाकड गाईच्या पोटातल्या जिवाणूंना आधीच अमोनियाची टंचाई असते. तिला हा खुराक दिल्यास उलटा परिणाम होईल. अशा गिऱ्हाइकाला दुकानदाराने साधी पेंडच द्यावी.

पोत्यावर छापलेला प्रथिनांचा टक्का पाहून फसू नये. प्रयोगशाळा नत्र मोजते आणि त्याला ६.२५ ने गुणते. युरिया मिसळला तरी आकडा चढतो. प्रथिन कोठीपोटातून किती वाचते, हे त्या आकड्यात मुळीच दिसत नाही. म्हणून "बायपास" असा शिक्का मारून जादा दर मागणाऱ्या कारखानदाराकडे दोन गोष्टी लेखी मागाव्यात: टॅनिन कोणत्या झाडाचे व किती टक्के, आणि कोठीपोटात न फुटणाऱ्या प्रथिनाचा तपासणी अहवाल. तो टाळाटाळ करील तर त्याच्या पोत्याला साध्या पेंडीपेक्षा एक रुपयाही जास्त देऊ नये.