जाहीर आवाहन : गायरानाचा एक तुकडा यंदा राखा

माण, खटाव, फलटण, पुरंदर, बारामती भागातल्या शेतकरी-मेंढपाळ बंधू-भगिनींना आणि सरपंच-सदस्यांना कळकळीची विनंती.

मार्गशीर्ष-पौषात माळावर गवत उभं दिसतं. जनावर दिवसभर चरतं, पोट भरलेलं दिसतं, तरी बरगड्या वर येतात. गाय वेळेवर माजावर येत नाही, मेंढीला दूध उतरत नाही आणि कोकरू अशक्त राहतं. कारण त्या पिवळ्या गवतात नुसती काडी उरलेली असते. जनावराच्या कोटीपोटातले सूक्ष्मजीव गवत पचवतात, त्यांना चाऱ्यात साधारण ७ टक्के प्रथिनं लागतात. फुलोऱ्यातल्या चांगल्या गवतात ती त्याच्या आसपास असतात. बी झडून वाळलेल्या गवतात ३-४ टक्क्यांवर येतात. मग चारा पोटात नुसता पडून राहतो आणि जनावराचं खाणंही कमी होतं.

माळावरच्या कुसळी गवताची एक कुसळ उचला आणि तिच्यावर पाण्याचा थेंब टाका. पीळ सोडत ती गरागरा फिरू लागते. अशीच ती जमिनीत शिरते आणि अशीच लोकरीतून मेंढीच्या कातडीत. कार्तिकात मेंढीचा ओठ उलटून पाहा, हिरडीत रुतलेली कुसळं दिसतील.

आपला माळ मुळात कुसळीचा नव्हता. दाबडघाव आणि शंकरनारायण यांचा भारतातल्या गवतांवरचा ग्रंथ १९७३ साली निघाला. त्यात दख्खनचं पठार शेडा-मारवेल या गोड गवतांच्या पट्ट्यात मोडतं. पण गोड गवत जनावर निवडून खातं, म्हणून तेच आधी संपतं. जूनमधले पहिले कोंब मुळातल्या साठ्यावर फुटतात. दरवर्षी तेच खुडले गेले की ठोंब मरतो, जागा कुसळी घेते आणि तिच्यामागून गाजरगवत, तरोटा, शेवटी उघडा मुरूम.

वणवा हे काम आणखी लवकर उरकतो. माळ पेटवला की गवत जोमानं येतं, असं आपण ऐकत आलो. पण आग मानवते ती कुसळीला. पेटवल्यानंतर पावसापर्यंत जमीन उघडी पडते आणि वळवाच्या सरींबरोबर वरची माती ओघळीत जाते. पखुर्डी, चंडोल, धाविक जमिनीवरच अंडी घालतात. त्यांची घरटी जळतात. नाकतोड्यांवर जगणारे भोवत्या पक्षी हिवाळ्यात मध्य आशियातून याच माळांवर येतात. चिंकारा आणि लांडगाही इथलेच. म्हणून माळ पेटवू नका, आणि त्याला पडीक समजून त्यावर ग्लिरिसिडियाचे खड्डेही खणू नका.

येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत गायरानाचे तीन भाग पाडण्याचा ठराव घ्या. एक भाग बी झडेपर्यंत बंद ठेवायचा. दुसऱ्यातलं गवत निम्मं फुलोऱ्यात येताच कापून, सावलीत वाळवून गंज घालायची. तिसरा चराईला मोकळा. दरवर्षी पाळी बदलायची. फुलोऱ्यात कापल्यावर गंज थोडी लहान होईल, हे खरं आहे. पण त्यातली पेंढी जनावराच्या अंगी लागते, आणि उन्हाळ्यात पेंडीवरचा खर्च वाचतो.

मेंढपाळांना बाजूला ठेवून हा ठराव कृपया करू नका. ते कोकणातून परततात तेव्हाच कोंब फुटत असतात, आणि बंदीचा पहिला घाव त्यांच्यावर बसतो. आपल्याकडची रब्बी ज्वारीची रानं पेरणीपर्यंत रिकामीच असतात. जून-जुलैत ती कळपांना खुली करा, रात्री मेंढ्या बसवून घ्या. रानाला लेंडीखत मिळेल, माळाला महिना-दीड महिना उसंत मिळेल.

सभेच्या आधी गावातल्या एखाद्या जुन्या मेंढपाळाबरोबर गायरान पायी फिरून या. कोणत्या ओघळीच्या कडेला मारवेल अजून तग धरून आहे, हे त्यांना ठाऊक असतं. पहिल्या वर्षी राखायचा भाग तोच धरा.