गाडीतला तो पिवळा दिवा

कोल्हापूरच्या एका भगिनींचं पत्र आलं आहे. गाडी त्या स्वतः चालवतात. गेले पंधरा दिवस स्टिअरिंगसमोर एक पिवळा दिवा लागलेला राहतो. त्यावर छोट्या मोटारीचं चित्र आणि खाली दोन नागमोडी रेघा. यजमान म्हणतात, "गाडी पळतेय ना? मग कशाला बघतेस तिकडे?" गॅरेजवाला म्हणतो, "ताई, चारही चाकांचे सेन्सर बदलावे लागतील." आणि ह्यांना मुलांना घेऊन आंबा घाट उतरून रत्नागिरीला माहेरी जायचं आहे, तेही पावसात! आता ऐकायचं कुणाचं?

सध्या तरी कुणाचंच नको. आधी तो दिवा काय सांगतो ते पाहू.

हा दिवा ट्रॅक्शन कंट्रोलचा. चिखलात किंवा ओल्या चढावर चाक जागच्या जागी गरगर फिरतं आणि गाडी पुढे सरकत नाही, हे तुम्ही पाहिलं असेल. प्रत्येक चाकाजवळ बोटाएवढा एक सेन्सर असतो, तो चाकाचा वेग मोजतो. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जोरात फिरायला लागलं की यंत्रणा त्याला हळूच ब्रेक लावते किंवा इंजिनचा जोर कमी करते. एबीएसही ह्याच सेन्सरांवर चालतं, म्हणून पुष्कळदा हे दोन्ही दिवे जोडीनं लागतात.

गाडी सुरू करताना दिवा क्षणभर लागून विझतो, ते ठीकच आहे. चालताना लुकलुकला तर यंत्रणा आपलं काम करते आहे, रस्ता निसरडा आहे, पाय थोडा हलका करा, एवढाच त्याचा अर्थ. सतत लागून राहिला तरच चौकशी करायची. त्यातही आधी बटण पाहा. घसरणाऱ्या गाडीचंच चित्र असलेलं एक बटण बऱ्याच गाड्यांत असतं आणि पुसताना किंवा मुलांच्या हातून ते दाबलं जातं. तसं असेल तर पुन्हा दाबा, दिवा गेला!

नाही गेला, तर सोबत आणखी कुठले दिवे आहेत ते बघा. ब्रेकचा लाल दिवा लागला असेल तर हँडब्रेक पूर्ण खाली आहे ना, एवढं पाहा. तरीही तो विझला नाही तर गाडी बाजूला घ्या आणि मेकॅनिकला तिथेच बोलवा. त्यात धाडस नको. एबीएसचा पिवळा दिवा असेल तर साधा ब्रेक लागतो, पण जोरात दाबल्यावर चाकं जाम होऊन गाडी घसरू शकते. इंजिनचा दिवा असेल तर दुखणं बहुधा तिकडेच आहे. इंजिन बिघडलं की अनेक गाड्या ट्रॅक्शन कंट्रोल आपोआप बंद ठेवतात. अशा वेळी चाकांचे सेन्सर बदलून काय उपयोग?

आता स्वस्तातल्या गोष्टी. पहिली हवा. कमी हवेचं चाक किंचित लहान होतं, म्हणून ते इतरांपेक्षा जास्त फिरतं आणि यंत्रणेचा गोंधळ होऊ शकतो. किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या कागदावर छापलेलं असतं. टायर थंड असताना तेवढी भरून घ्या. पंक्चर झाल्यावर स्टेपनी लावून तशीच राहिली आहे का? आजकाल कित्येक गाड्यांची स्टेपनी मूळ चाकापेक्षा लहान असते. बॉनेट उघडून ब्रेक ऑइल दोन खुणांच्या मध्ये आहे का बघा. बॅटरी जुनी असेल, सकाळी गाडी कण्हत सुरू होत असेल, तर तीही तपासून घ्या. बॅटरी अशक्त झाली की असे दिवे उगाच लागतात.

इतकं करून दिवा राहिलाच तर गॅरेज. पण तिथे "सेन्सर गेला" हे नुसत्या अंदाजानं ऐकून घेऊ नका. गाडीला मशीन लावून कोड वाचायला सांगा. "कोड काय आला? कोणत्या चाकाचा?" असं स्पष्ट विचारा आणि कागदावर लिहून घ्या. चारही सेन्सर एकदम जाणं फार क्वचित घडतं. शिवाय कोड चाक दाखवतो, सेन्सरच खराब आहे असं सिद्ध करत नाही. पावसाळ्यात सेन्सरवर चिखल बसतो, जोडणीत पाणी शिरतं, वायर घासून तुटते. आणि आपले उंदीरमामा! इंजिनच्या उबेला येऊन वायरी कुरतडण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. तेव्हा आधी साफसफाई, मग वायर, मग सेन्सर, असा क्रम धरा. नुकतंच अलाइनमेंट केलं असेल किंवा चाकाचं बेअरिंग बदललं असेल तर ते जरूर सांगा. दिवा त्या कामानंतर लागला असेल तर शोध तिथूनच सुरू करायचा. भाग बदललाच तर जुना परत मागा. त्यात संकोच कसला? पैसे आपण देतो.

पत्रलेखिका भगिनींनी दुरुस्ती होईपर्यंत घाट टाळावा, निदान पावसात तरी. जावंच लागलं तर खालचा गिअर, पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर, आणि वळणावर अ‍ॅक्सिलरेटर किंवा ब्रेक एकदम दाबायचा नाही. एबीएसचाही दिवा लागला असेल तर मात्र सरळ एसटीनं जावं.

दुरुस्तीनंतर दिवा लगेच विझला नाही तर घाबरू नका. काही गाड्या थोडं अंतर चालून चाकांचे वेग जुळले की मगच दिवा घालवतात. म्हणून पैसे देण्याआधी मेकॅनिकला शेजारी बसवून एक फेरी मारून या, गाडी तुम्हीच चालवा.