रस्ता झाला, गाडीचे काय?

गावात पक्का रस्ता आला की पोरे शाळा सोडून मजुरीला लागतात, असा आक्षेप ग्रामीण रस्त्यांवर घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. शहरातले बांधकाम तासाभरावर आले, की पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला संध्याकाळी हाती पडणारी रोकड दहावीच्या प्रमाणपत्राहून जवळची वाटते. पण आक्षेप घेणारे इथेच थांबतात. 25 डिसेंबर 2000 रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेतील सुमारे 1 लाख 15 हजार रस्त्यांचा अभ्यास अंजली अदुकिया, सॅम अ‍ॅशर आणि पॉल नोव्होसाड यांनी केला. रस्ता झाल्यावर दोन वर्षांत उच्च प्राथमिक वर्गांचा पट सुमारे 7 टक्क्यांनी वाढलेला दिसला; परीक्षेतील कामगिरीही सुधारली. जवळच्या शहरात शिकलेल्याला चांगला पगार मिळत असेल तिथे ही वाढ सर्वाधिक, आणि शाळा सोडून मिळणारी मजुरीच भारी असेल तिथे सर्वांत कमी. रस्त्याच्या टोकाला काय आहे ते पाहून घरचे हिशेब मांडतात. दोष रस्त्याच्या माथी मारणे सोपे, एवढेच.

दुसरी समजूत सरकारी आहे आणि अधिक घातक: रस्ता झाला, आता शाळा गाठण्याचा प्रश्न मिटला. त्या रस्त्यावरून धावते काय, हे यात धरलेलेच नसते. बिहारने 2006 मध्ये नववीतल्या मुलींना सायकलसाठी पैसे देण्याची योजना आणली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासानुसार मुलींचे माध्यमिक प्रवेश त्यामुळे सुमारे 32 टक्क्यांनी वाढले, तेही मुख्यतः शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून दूर असलेल्या गावांत. महाराष्ट्रात हे काम एसटी करते. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसमधून मुली मोफत शाळेत जातात. खरी अडचण वेळेची. शाळा पाचला सुटते आणि परतीची गाडी साडेचारला असते, तेव्हा शेवटचा तास मुलीच्या वाट्याला येतच नाही. पुढची गाडी थेट मुक्कामाची, अंधार पडल्यावरची. मुलगा वडापच्या जीपला लटकून घरी पोहोचतो. मुलीला तसे पाठवायला आईबाप धजत नाहीत. 2021-22 च्या प्रदीर्घ एसटी संपात डांबर जागच्या जागी होते, तरी फाट्यावरून पुढे जायची सोय नव्हती.

तिसरा युक्तिवाद असा, की रस्ते आहेत तर कमी पटाच्या शाळा एकत्र कराव्यात. महाराष्ट्रात 2023 मध्ये समूह शाळांचा प्रस्ताव आला तो याच धर्तीवर. पण प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, हा शिक्षणहक्काच्या नियमांतला निकष सहा-सात वर्षांच्या पायांना बेतलेला आहे. गाडी चुकली तर या वयाचे मूल पावसात पाच किलोमीटर चालत जाणार नाही. ते घरीच राहील. नववीचे तसे नाही. प्रत्येक वाडीत प्रयोगशाळा आणि विषयशिक्षक देणे शक्य नसते, म्हणून तिथे दूरची, मोठी शाळाच बरी. मात्र तिथल्या फेऱ्या आगाराने परस्पर न ठरवता मुख्याध्यापकांना विचारून ठरवाव्यात, आणि जूनमध्ये शाळेचे वेळापत्रक लागते त्याच आठवड्यात.