कानांनी ऐकायचा इतिहास : आठ पॉडकास्ट आणि एक मागणी

१/ इतिहासाचे कोणते पॉडकास्ट ऐकावेत, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. नुसत्या याद्या सर्वत्र मिळतात. म्हणून या थ्रेडमध्ये आठ पॉडकास्ट सुचवते आणि प्रत्येकाबरोबर माझे मतही मांडते : तो का ऐकावा आणि ऐकताना कोठे सावध राहावे. शेवटी मराठीविषयी बोलायचे आहे. खरे तर हा थ्रेड त्यासाठीच आहे. 🧵👇

२/ आधी एक अडचण. पुस्तकात तळटीप असते. शंका आली की वाचक थांबतो, पान उलटतो, संदर्भ पाहतो. ऐकताना ही सोय नसते. निवेदकाचा आवाज भारदस्त असला आणि मागे नगारा वाजत असला, की त्याचे अनुमानही पुराव्यासारखे वाटू लागते. बसमध्ये किंवा स्वयंपाक करताना ऐकणारा माणूस कागदपत्रे पडताळत बसत नाही. म्हणून ध्वनिमाध्यमात सांगणाऱ्याची जबाबदारी लेखकापेक्षा अधिक असते.

३/ हा पेच आपल्याला नवा नाही. मराठी समाजाने इतिहास वाचला त्याहून कितीतरी अधिक ऐकला आहे. अज्ञानदासाचा अफझलखानवधाचा पोवाडा डफाच्या तालावर ऐकण्यासाठीच होता. १८६९ साली जोतीराव फुल्यांनी शिवाजी महाराजांवर पोवाडा रचला. कुणबी, माळी, महार, मांग यांच्या उपयोगी पडावा, हा हेतू त्यांनी प्रस्तावनेत स्पष्ट सांगितला आहे. ज्यांना अक्षरांपासून दूर ठेवले होते, त्यांच्यापर्यंत इतिहास कानांवाटे जावा, हा विचार त्यामागे होता. ऐकीव इतिहासाला हलका समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

४/ दुसरी बाजूही आपलीच आहे. १८९८ साली वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यात १७५० ते १७६१ या काळातील, म्हणजे पानिपतापर्यंतची, पत्रे होती. समकालीन पत्रांशेजारी बखरी ठेवल्यावर त्यांतील तपशील कोठे कोठे डळमळतात, हे राजवाड्यांनी प्रस्तावनेत कठोरपणे दाखवले. बखरी रसाळ होत्या. पण रसाळपणा हा पुरावा नव्हे, हा धडा मराठी इतिहाससंशोधनाने सव्वाशे वर्षांपूर्वी गिरवला.

५/ म्हणून कोणताही पॉडकास्ट निवडताना मी तीन प्रश्न विचारते. (अ) ‘हे कशावरून?’ याचे उत्तर सांगणारा देतो का? (आ) या विषयावर दुसरे मत आहे, हे तो कळू देतो का? (इ) भाग संपल्यावर काही वाचावेसे वाटते, की सगळे समजले असे वाटून आपण स्वस्थ बसतो? तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

६/ पहिली शिफारस : ‘इन अवर टाइम’. बीबीसी रेडिओ ४ वर १९९८ पासून चालत आलेला हा कार्यक्रम २०२५ पर्यंत मेल्विन ब्रॅग यांनी चालवला. विषय एक, अभ्यासक तीन, वेळ साधारण पाऊण तास. संगीत नाही, नाट्य नाही. तिघे अभ्यासक कधी एकमेकांना दुरुस्त करतात, कधी स्पष्ट असहमत होतात. इतिहास म्हणजे तयार निकाल नसून चाललेला वाद आहे, हे त्यातून आपोआप उमगते. सुरुवात सम्राट अशोकावरील भागाने करावी.

७/ दुसरी : ‘अ हिस्टरी ऑफ द वर्ल्ड इन १०० ऑब्जेक्ट्स’ (२०१०). ब्रिटिश म्युझियमचे तत्कालीन संचालक नील मॅकग्रेगर शंभर वस्तूंमधून जगाचा इतिहास सांगतात. सिंधू संस्कृतीची मुद्रा, अशोकस्तंभाचा तुकडा, कुमारगुप्ताची सुवर्णनाणी या भारतीय वस्तूही त्यांत आहेत. भाग जेमतेम पंधरा मिनिटांचे आणि उच्चार स्वच्छ आहेत. ज्यांचे शिक्षण मराठी माध्यमात झाले आहे आणि इंग्रजी ऐकताना अडखळायला होते, त्यांनी येथूनच आरंभ करावा. वेग पाऊणपट करून ऐकण्यात काहीही कमीपणा नाही.

८/ येथे सावधगिरी मात्र हवी. वस्तू बोलते, पण तिच्या वतीने बोलणारी संस्था त्या वस्तूची मालक असते. शंभरांत बेनिनचा एक पितळी फलकही आहे. १८९७ साली ब्रिटिश सैन्याने बेनिन शहर लुटले आणि असे शेकडो फलक युरोपात गेले. ‘ही वस्तू काय सांगते?’ याइतकाच ‘ही वस्तू येथे कशी आली?’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे. प्रत्येक भागानंतर तो स्वतःला विचारावा.

९/ तिसरी : सुनील खिलनानी यांची ‘इनकार्नेशन्स’ ही मालिका. पन्नास व्यक्तींमधून भारत सांगण्याचा हा प्रयत्न आहे. त्यांत शिवाजी महाराज, जोतीराव फुले आणि डॉ. आंबेडकर आहेत, तसाच मलिक अंबरही आहे. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, मोगलांना त्याने वर्षानुवर्षे झुंजवले आणि पुढे औरंगाबाद म्हणून ओळखले गेलेले खडकी शहर वसवले. पंधरा मिनिटांत चरित्र संपत नाही, पण कुतूहल जागे होते. पॉडकास्टचे खरे काम तेवढेच आहे.

१०/ चौथी : माइक डंकन यांचा ‘रेव्होल्युशन्स’. २०१३ ते २०२२ या काळात त्यांनी इंग्लंडच्या यादवीपासून रशियन क्रांतीपर्यंत दहा क्रांत्या सांगितल्या. रशियावरच शंभराहून अधिक भाग आहेत. पण वेळ थोडा असेल, तर हैतीची मालिका ऐकावी. १७९१ मध्ये उसाच्या मळ्यांवरील गुलामांनी उठाव केला आणि १८०४ मध्ये स्वतंत्र राष्ट्र उभे केले. पुढे १८२५ साली मान्यतेच्या बदल्यात फ्रान्सने त्याच राष्ट्राकडून १५ कोटी फ्रँकची भरपाई मागितली. स्वतःला सोडवून घेतलेल्या माणसांनी आपल्या जुन्या मालकांना नुकसानभरपाई द्यायची! आपल्या पाठ्यपुस्तकांत फ्रेंच राज्यक्रांतीला प्रकरण मिळते; हैतीला क्वचित एखादे वाक्य.

११/ पाचवी, सर्वांत लोकप्रिय आणि म्हणूनच सर्वांत जपून ऐकायची : डॅन कार्लिन यांची ‘हार्डकोअर हिस्टरी’. पहिल्या महायुद्धावरील ‘ब्लूप्रिंट फॉर आर्मगेडन’ ही सहा भागांची मालिका वीस तासांहून मोठी आहे. खंदकातला चिखल आणि भीती कार्लिन यांच्याइतकी अंगावर आणणारा निवेदक दुसरा सापडणे कठीण. आपण इतिहासकार नाही, हे ते स्वतःच वारंवार सांगतात. हा प्रामाणिकपणा मोलाचा आहे. अडचण अशी, की श्रोत्याच्या लक्षात कथा राहते आणि हे वाक्य निसटते.

१२/ या मालिकेचा भर मुख्यतः युरोपातील आघाड्यांवर आहे. आपल्या दृष्टीने त्या युद्धाचे एक मोठे पान मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये आहे. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात कुत-अल-अमारा येथे वेढ्यात अडकून अखेर शरण गेलेल्या सैन्याचे नावच ‘सहावी पुणे डिव्हिजन’ होते. त्यात मराठा पलटणी होत्या. कार्लिन ऐकून झाल्यावर कुतच्या वेढ्यावर काही तरी वाचावे. महायुद्ध आपल्या गावांपासून किती जवळ होते, ते कळेल.

१३/ सहावी : विल्यम डॅलरिम्पल आणि अनिता आनंद यांचा ‘एम्पायर’ (२०२२ पासून). आरंभीचे भाग ईस्ट इंडिया कंपनी आणि ब्रिटिश राजवटीवर आहेत. दोघेही कसलेले लेखक आहेत आणि गप्पा रंगतात. माझा आक्षेप इतकाच, की इंग्रजीतून सांगितलेल्या अठराव्या शतकात मराठे बहुधा बाहेरून दिसतात, कंपनीच्या किंवा दिल्लीच्या खिडकीतून. आतून पाहायचे, तर गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेले ‘पेशवे दप्तरा’चे ४५ खंड आहेत. ते मराठीत आहेत आणि ही भाषा आपल्याला जन्मतः मिळाली आहे. हा लाभ आपण फुकट दवडत आहोत.

१४/ सातवी : अमित वर्मा यांचा ‘द सीन अँड द अनसीन’. हा निव्वळ इतिहासाचा पॉडकास्ट नाही. पण रामचंद्र गुहा, श्रीनाथ राघवन, मनू पिल्लई यांच्यासारख्या अभ्यासकांशी झालेल्या तासन्‌तास गप्पा त्यात आहेत. अभ्यासक काय वाचतात, प्रश्न कसा घडवतात, स्वतःचे मत का बदलतात, हे त्यांतून कळते. इतिहासाचे पदव्युत्तर शिक्षण घ्यावे की नाही, या विचारात असलेल्यांनी आधी या गप्पा ऐकाव्यात.

१५/ आठवी शिफारस मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे : कविता पुरी यांची ‘थ्री मिलियन’ (२०२४). विषय १९४३ चा बंगालचा दुष्काळ. किमान तीस लाख माणसे मेली, आणि ती दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत. तरीही त्यांचे म्हणावे असे स्मारक कोठे नाही. पुरी यांनी तो काळ पाहिलेल्या माणसांचे आवाज शोधले. बालपणी भूक पाहिलेले वृद्ध ऐंशी वर्षांनंतर बोलतात, मध्येच थांबतात, आणि ते थांबणेही आपल्याला ऐकू येते.

१६/ येथे ध्वनिमाध्यम पुस्तकापेक्षा वरचढ ठरते. अमर्त्य सेन यांचे ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ (१९८१) हा दुष्काळ का पडला याची मीमांसा करते : प्रश्न केवळ धान्याच्या साठ्याचा नव्हता, ते मिळवण्याच्या ऐपतीचा होता. ते पुस्तक अवश्य वाचावे. पण तांदळाची पेज मागत दारोदार फिरणाऱ्या माणसाची हाक ज्याने ऐकली, त्याच्या आवाजातला कंप कोणत्याही तक्त्यात उतरत नाही. वरचे सात पॉडकास्ट इतिहास सांगतात. हा आठवा इतिहासाचे साधन तयार करतो.

१७/ आता मराठीकडे. आपल्याकडे इतिहासाच्या ध्वनिफितींना आणि चित्रफितींना तोटा नाही. त्यांतील बहुतेक मात्र एकाच चारपाच प्रसंगांभोवती, एकाच चढ्या सुरात फिरतात. ‘हे कशावरून?’ असे विचारले, तर तो प्रश्न नसून अनादर आहे, असे समजले जाते. राजवाड्यांच्या भाषेत ही स्थिती यावी, याचे मला वाईट वाटते. संदर्भ सांगितल्याने अभिमान उणावत नाही. उलट ज्याच्याजवळ कागद आहे, त्याला ओरडावे लागत नाही.

१८/ दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसे आज आपल्या घरांत आहेत. रोजगार हमीच्या कामांवर खडी फोडलेल्या, सुकडी खाल्लेल्या, परदेशी मिलोची भाकरी थापलेल्या आज्या अजून बोलू शकतात. त्या वर्षी जे विशीत होते, त्यांनी आता सत्तरी ओलांडली आहे. मराठवाड्याचा १९४८ चा संग्राम, संयुक्त महाराष्ट्राची चळवळ, १९६१ ची गोवामुक्ती, १९८२ चा गिरणीसंप : प्रत्येकाचे साक्षीदार दर वर्षी कमी होत आहेत. कागद दप्तरात शंभर वर्षे वाट पाहतो. माणूस पाहत नाही.

१९/ हे काम मराठीत कोणी केलेच नाही, असे नाही. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना गाठून, बोलते करून ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) सिद्ध केले. त्या दोघी गेल्या नसत्या, तर त्यांतील कित्येक नावे आज आपल्याला ठाऊकही नसती. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातील कामगारांच्या मुलाखतींतून मोठा ग्रंथ उभा केला. हे सारे खिशात फोन नसलेल्या काळापासून चालत आलेले आहे. आज प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रक आहे आणि आपण त्यावर दुसऱ्यांचे पॉडकास्ट ऐकत बसलो आहोत.

२०/ म्हणून माझी मागणी अशी : वरच्या आठांपैकी दोन ऐका आणि एक मुद्रण करा. आधी परवानगी घ्या. आरंभी दिनांक, गाव, बोलणाऱ्याचे नाव आणि जन्मसाल नोंदवा. ‘दुष्काळ कसा होता?’ असे मोघम विचारू नका. ‘त्या वर्षी घरात काय शिजत होते?’, ‘पाणी कोठून आणत होता?’, ‘कामाची मजुरी कशी मिळे?’ असे विचारा. मध्ये तोडू नका, बोली सुधारू नका, मागे संगीत घालू नका. मूळ फाइल दोन ठिकाणी जपून ठेवा.

२१/ आठवणही चुकते. सन इकडचे तिकडे होते, दोन प्रसंग एक होतात. म्हणून मुद्रणानंतर गावचे दप्तर, त्या वेळची वर्तमानपत्रे, जिल्ह्याचे गॅझेटियर यांच्याशी ती ताडून पाहा. जेथे मेळ बसणार नाही, तेथे आठवण खोडू नका. तफावत नोंदवून ठेवा. माणसे काय विसरली आणि का विसरली, हाही इतिहासच आहे.

२२/ तुम्हाला आवडलेले पॉडकास्ट खाली अवश्य लिहा, विशेषतः संदर्भ सांगणारे मराठी पॉडकास्ट. आणि या दिवाळीच्या सुट्टीत गावी जाणार असाल, तर फोनमध्ये थोडी जागा मोकळी करून जा.