कोऱ्या जागेतली चूक



आपल्यापैकी पुष्कळांची मुलं-नातवंडं इथे सॉफ्टवेअरचं काम करतात. एखादा नातू स्क्रीनकडे बघून "ओळ तर बरोबर आहे, मग चालत का नाही?" असं पुटपुटत असेल, तर त्याचं मूळ न्यू जर्सीतल्या एका जुन्या गोष्टीत असू शकतं.

१९७६ साली मरे हिल इथल्या बेल लॅब्जमध्ये स्टीव्ह जॉन्सन यांची अख्खी सकाळ फुकट गेली. प्रोग्रॅममधली चूक त्यांनी दुरुस्त केली होती, पण बदललेली फाइल पुन्हा कंपाइल करायची, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवायची राहिली होती. यंत्र आपलं जुनंच चालवत होतं! सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांनाही आदल्या संध्याकाळी हाच त्रास झाला होता. त्यांनी शनिवार-रविवारात यावर एक साधन लिहिलं, त्याचं नाव 'मेक'.

'मेक' करतं काय? चिकाचा हलवा आठवा. गव्हाचा चीक तयार आहे, नारळाचं दूध तेवढं नासलं, तर आपण गहू पुन्हा भिजत घालतो का? नारळच पुन्हा खवतो. 'मेक'सुद्धा फाइलींच्या वेळा बघून जी बदलली तिच्यापुरतंच काम पुन्हा करतं.

पण त्यात एक खोड राहिली. हुकमाची ओळ टॅबनेच सुरू व्हायला हवी. टॅबऐवजी आठ स्पेस दिल्या, तर डोळ्यांना फरक दिसत नाही, पण 'मेक' "मिसिंग सेपरेटर" म्हणून अडून बसतं. ही अडचण फेल्डमन यांना लवकरच कळली होती. तोवर डझनभर लोक 'मेक' वापरू लागले होते, बहुतेक त्यांचे मित्रच. त्यांची घडी मोडू नये म्हणून त्यांनी ते तसंच ठेवलं. बारा जणांची ती सोय पुढे जगभरातल्या प्रोग्रॅमरांच्या गळ्यात पडली. २००३ साली 'मेक'साठी फेल्डमन यांना एसीएमचं पारितोषिक मिळालं, पण टॅब सुटला नाही!

मुलांनो, उपाय सोपा आहे. तक्रारीत ओळीचा नंबर दिलेला असतो. त्या ओळीवर जा, सुरुवातीच्या स्पेस पुसा आणि टॅबची कळ एकदा दाबा. तरीही अडलं, तर तुमचा एडिटर टॅबच्या गुपचूप स्पेस करतोय का, ते बघा. दुसरीकडून चिकटवलेल्या मजकुरातही असंच होतं.

आणि आपली एखादी चूक ध्यानात आली, तर बारा जणांनाच अडचण होणार असेल तेव्हाच ती सुधारून टाका. पुढे ते जमत नाही.